एकवीस दिवसांत पिळदार, तेही सोलापुरात

मुहूर्त मे महिन्याचाच धरा. पारा 42 च्या पुढे गेला की घाम फुकट निघतो. सिद्धेश्वर तलावाकाठी पहाटे साडेपाचला फिरणारी पेन्शनर मंडळी भित्री. तुम्ही दुपारी तीनला, डांबर तापल्यावर, पार्क चौकातून धावत सुटा. अंगाला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात म्हणे. एवढा वेळ आहे कुणाकडे?

पोटाला रबरी पट्टा आवळायचाच. त्याखाली घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आणि काट्यावर पाऊण किलो कमी दिसतं. ते गेलेलं पाणी असतं, दोन तांबे प्यायलात की परत येतं. तेव्हा पाणी पिऊ नका. जीभ अडखळली, समोरचा माणूस ओळखेना, तर समजा चरबी जळतेय. घरचे ओली चादर गुंडाळून दवाखान्यात नेतील. गावात चादरींना काय तोटा?

जिममध्ये पहिल्याच दिवशी बारला दोन्हीकडे 20-20 च्या प्लेटा लावा. मोठा बार रिकामाच 20 किलोचा असतो, तो धरायचा नाही. स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन काढायच्या बैठकांना, गुडघे आत कलले तर कलू द्या, शेजारचा व्हिडिओ काढतोय हे महत्त्वाचं. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलताना, तो नडगीपासून वीतभर लांब ठेवा आणि पाठ गोल करा, म्हणजे मांड्यांचं काम कंबरेवर येतं. अजून दोन रिप (म्हणजे दोन वेळा उचलणं) निघाल्या असत्या अशा वजनावर थांबायचं, फॉर्म पक्का झाला की अडीच किलो वाढवायचं, हा उद्योग वर्षभर जिमला यायचं असतं त्यांचा. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. नेमका तेव्हाच पायांचा व्यायाम पुन्हा मारा. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर डॉक्टरकडे धावू नका, प्रोटीन पावडर 'लागतेय'.

पावडरीवरून आठवलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आजपासून बंद. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात (तेलही भरपूर, म्हणून चटणी वाटीनं नव्हे, चमच्यानं खायची), पण त्यांच्या डब्यावर दंड फुगवलेला माणूस नसतो. पावडरच्या एका स्कूपमध्ये (मापाच्या चमच्यात) जवळपास तेवढंच मिळतं, किंमत मात्र भारदस्त. 70 किलोच्या व्यायाम करणाऱ्याला दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास पुरतात. ती अंडी, डाळ, दही, दाणे यांतून जमवता येतात, पण मग रीलमध्ये दाखवणार काय?

मनासाठी वेगळा कोच करा. तो पहाटे चारला उठवून आरशासमोर 'मी वाघ आहे' म्हणायला लावेल. सात-आठ तास झोपणाऱ्याचे स्नायू भरून येतात आणि चिडचिडही कमी होते, पण झोपेचा कोर्स विकता येत नाही. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं केलं की धडधड उतरते. फुकट आहे, म्हणून टाळा.

ट्रेनर पारखून घ्या. बीपी किती, शुगर आहे का, गुडघा कधी दुखावला होता का, असं पैसे घेण्याआधी विचारणारा माणूस धंद्याला नवखा. बावीस वर्षांच्या पोराला आणि अठ्ठावन्नच्या काकांना एकाच झेरॉक्सवरचा डाएट देतो, तो खरा. फी वर्षाची एकदम भरा. तीन महिन्यांचीच भरलीत, तर पंधराव्या दिवशी कंबर धरल्यावर नुकसान अगदीच किरकोळ वाटतं.