उंचीचा रकाना

दुर्गम भागातल्या लहान मुलांच्या वाढीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "अहो, तिकडची माणसंच बुटकी, मुलं कुठून उंच होणार?" शिकलेसवरलेले लोक हे म्हणतात, आणि कधी कधी त्याच मुलांच्या कामासाठी नेमलेले लोकही म्हणतात. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. एकदा ते मान्य केलं की पुढे करण्यासारखं काही उरतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांची मापं घेतली. ज्या घरांत वाढीला आड येईल अशी ओढाताण नाही, आई अंगावर पाजते आणि धूम्रपान करत नाही, अशाच घरांतली मुलं निवडली होती. पाच वर्षांपर्यंत या सगळ्यांची उंची जवळजवळ सारखीच वाढत गेली. देश वेगळा म्हणून पडलेला फरक एकूण फरकाच्या ३ टक्क्यांच्या आसपास होता. २००६ पासून जगभर वापरले जाणारे वाढीचे तक्ते यातूनच तयार झाले. दोन वर्षांच्या मुलीची लांबी साधारण ८६ सेंमी भरायला हवी आणि ८० च्या खाली असेल तर ती खुजी, हे त्यामुळे कुठल्याही डोंगरातल्या, कुठल्याही जंगलातल्या मुलीला लागू आहे. एखाद्या घरात सगळे ठेंगणे असू शकतात. पण अख्ख्या वस्तीतली निम्मी मुलं जेव्हा त्या रेषेखाली जातात, तेव्हा कारण रक्तात शोधू नका, ताटात शोधा. आईची उंची कमी असेल तर ती स्वतः लहान असताना तिला काय खायला मिळालं, हेही विचारा.

बाळ जन्मतं तेव्हा ५० सेंमीच्या आसपास असतं. पहिल्या वर्षात ते २५ सेंमी वाढतं, दुसऱ्यात आणखी १२ च्या आसपास. इतका वेग पुढे वयात येतानाही येत नाही. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, अगदी हलाखीच्या घरातही. घसरण सुरू होते ती त्यानंतर, वरचं खाणं सुरू झालं की. माझं सगळं म्हणणं या सहा ते चोवीस महिन्यांबद्दल आहे.

आठ किलोंचं, आठ महिन्यांचं बाळ घ्या. त्याच्या पोटात एका वेळी फार तर २४० ग्रॅम मावतं. दुधाखेरीज त्याला दिवसाला २०० कॅलरी वरच्या खाण्यातून हव्यात. घरात एकच धान्य आहे, त्याचं पीठ पाण्यात शिजवून पातळ पेज केली, तर २०० ग्रॅमच्या वाटीत ६० कॅलरीही मुश्किलीने येतात. म्हणजे तीन वाट्यांहून जास्त. हेच मूल वर्षाचं झालं की गरज ५५० वर जाते, म्हणजे नऊ वाट्या! कुठलं मूल एवढं खाणार? ते पोट टम्म होईपर्यंत खातं, तोंड फिरवतं, झोपी जातं. आई समाधानाने म्हणते, पोट भरलं. ती खोटं बोलत नाही, पोट खरंच भरलेलं असतं. पण वाढीला लागणारं त्यात फारसं नसतं. तीच पेज घट्ट केली आणि वर चमचाभर तेल घातलं तर चाळीसेक कॅलरी नुसत्या त्या चमच्यात येतात. धान्याला मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ थोडंसं घातलं तर घट्ट पेज पाणी न वाढवता सैल होते आणि बाळाला गिळता येते.

तरी कॅलरी हा अर्धाच हिशेब झाला. आईच्या पोटातून आणलेलं लोह सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतं आणि आईच्या दुधात ते अगदी कमी असतं. उंची वाढायला जस्त लागतं, चांगली प्रथिनं लागतात. निव्वळ धान्यावर वाढणाऱ्या मुलाला ही मिळतात थोडी, आणि धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे त्यातलंही लोह आणि जस्त नीट शोषलं जात नाही. म्हणून अंडं, दूध, मासे, मांस, डाळी यांना पर्याय नाही, आणि हे पदार्थ मुलाला दुसऱ्या वाढदिवसाच्या आधी मिळायला हवेत.

हे नुसतं पुस्तकी नाही. ग्वाटेमालाच्या पूर्व भागातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत प्रथिनांनी भरपूर असं पेय दिलं, दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं गोड पेय. वयाच्या पहिल्या तीन वर्षांत ज्यांना चांगलं पेय मिळालं ती मुलं उंच झाली. तीन वर्षांनंतर देऊन उंचीत फरक पडला नाही. पुढे ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची पुन्हा गाठ घेतली. ज्या पुरुषांना पहिल्या दोन वर्षांत ते पेय मिळालं होतं, त्यांची तासाची मजुरी सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. मला हा आकडा कधीच विसरता येत नाही. एक पेला, योग्य वयात.

इक्वादोरच्या डोंगराळ कोतोपाक्सी प्रांतात २०१५ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तर खुजेपणा ४७ टक्क्यांनी घटला. मलावीत असाच प्रयोग केला तेव्हा मात्र उंचीत फरक दिसला नाही. तिथली मुलं आधीपासून मासे खात होती. म्हणून कुणी एकाच पदार्थाचा झेंडा घेऊन आलं की मी सावध होते. त्या वस्तीतल्या मुलांच्या ताटात काय कमी आहे, हे आधी बघायला हवं.

"सगळा दोष घाण पाण्याचा" म्हणणाऱ्यांसाठीही थोडं. वारंवारच्या जुलाबांनी आतडी खराब होतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, हे खरंच आहे. पण झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागातल्या मोठ्या अभ्यासात फक्त शौचालयं आणि हात धुण्याच्या सोयी दिल्या, तेव्हा उंची वाढली नाही. आहाराचा सल्ला आणि रोज २० ग्रॅम पोषक पेस्ट दिली, तेव्हा दीड वर्षाच्या मुलांतला खुजेपणा ३५ वरून २७ टक्क्यांवर आला. पाणी स्वच्छ हवंच, पण ते होईपर्यंत ताट थांबवून ठेवू नका.

दुर्गम म्हणजे तिथे काही पोचत नाही, असं आपण समजतो. दूध पोचत नाही, फळं पोचत नाहीत, कारण ती नासतात. पुड्यातली बिस्किटं, वेफर्स आणि साखरेची रंगीत पेयं मात्र रस्ता संपतो तिथल्या शेवटच्या टपरीपर्यंत बरोबर पोचतात. रडणाऱ्या मुलाच्या हातात पुडा दिला की ते गप्प बसतं आणि पुढच्या जेवणाची भूक मेलेली असते. दारात कोंबड्या असतात, पण अंडी विकली जातात, कारण मीठ-मिरचीला रोख पैसे तिथूनच येतात.

आणि आईला उपदेश करणं कृपा करून थांबवा. नऊ महिन्यांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, समोर बसून भरवावं लागतं. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत आई पहाटेपासून शेतात असते, मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे असतं आणि सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत तशीच असते. नेमक्या त्याच दिवसांत घरातलं धान्यही तळाला गेलेलं असतं. माहितीचे तक्ते भिंतीवर लावून या बाईचे हात मोकळे होत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना दिवसभर सांभाळून भरवणारी जागा शेताजवळ उभी राहिली तर होतील.

आता मोजमापाचं. वजन करणं सोपं, मूल झोळीत घातलं की काटा आकडा दाखवतो. लांबी मोजायला फळी लागते आणि दोन माणसं. एकाने डोकं टोकाला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे, सरकती पट्टी तळव्यांना लावायची. मूल किंचाळतं, अंग चोरतं, आई घाबरते. म्हणून मी पाहिलेल्या कितीतरी नोंदवह्यांत वजनाचा रकाना भरलेला असतो आणि उंचीचा कोरा, नाहीतर मागचाच आकडा पुन्हा उतरवलेला. खुजं मूल बेतशीर दिसतं, हसतं-खेळतं, वजनही उंचीला साजेसं असतं. उंची मोजल्याशिवाय ते कुणाच्या नजरेला येत नाही.

२०२४ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुलं खुजी होती. पेरूमध्ये मात्र हे प्रमाण २००८ मधल्या २८ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत १३ वर आलं. आठ वर्षांत तिथल्या लोकांची आनुवंशिकता बदललेली नाही. तुमच्यापैकी कुणी या कामात असाल, तर पुढच्या भेटीत आधी उंचीचा रकाना उघडा आणि सहा ते चोवीस महिन्यांच्या मुलांना काल दिवसभरात धान्याशिवाय काय मिळालं, ते एकेका घरात विचारा.