मॅडम, आपल्या घरासाठी यातली कुठली महत्त्वाची?

परवा क्लासमध्ये घटनादुरुस्त्या घेत होते. एमपीएससीची बॅच, चाळीसेक पोरं, आणि फळ्यावर नेहमीची यादी. ७वी राज्य पुनर्रचना, ४२वी मिनी राज्यघटना, ४४वी, ५२वी पक्षांतरबंदी, ६१वी मतदानाचं वय, ७३वी-७४वी, ८६वी शिक्षण, १०१वी जीएसटी, १०६वी महिला आरक्षण. २०२३ पर्यंत १०६ झाल्या, त्यातल्या दहा-बारा नीट पाठ असल्या की परीक्षेत मार्क जात नाहीत. मी म्हटलं यांना स्टार करा. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, मॅडम हे परीक्षेचं झालं, पण आपल्यासाठी यातली कुठली महत्त्वाची? म्हणजे आपल्या घरासाठी?

अकरा वर्षं पॉलिटी शिकवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता. उद्या सांगते म्हटलं आणि घरी आले. रात्री झोप नाही. म्हणून हे लिहितेय, लांब झालंय, सवडीनं वाचा.

आधी एक सांगते. आपल्याकडे घटनादुरुस्ती म्हटलं की ग्रुपवर भांडण एकाच गोष्टीवर होतं, ४२वीनं प्रस्तावनेत घातलेले ते दोन शब्द, समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष. ठेवा की काढा. शब्दांना किंमत आहे, नाही असं नाही, पण त्याच ४२वीनं १९७६ मध्ये लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली होती, आणि कलम ३६८ मध्ये असं घालून ठेवलं होतं की संसदेनं केलेल्या घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात कुठल्याही कारणानं आव्हानच देता येणार नाही, हे किती जणांना माहितीये? ती कोर्टबंदी १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं उडवलं म्हणून आज आपल्याला त्याची धग लागत नाही. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त आवाज होतो तेच आपल्या कामाचं असतं असं नाही.

मग मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. ही दुरुस्ती उद्या सकाळी घटनेतून काढून टाकली तर फटका कुणाला बसेल, खुर्चीतल्या माणसाला की मला? मला बसत असेल तर ती महत्त्वाची, एवढंच.

या कसोटीवर ५२वी लगेच खाली येते. परीक्षेत हमखास विचारतात, पण पक्षांतरबंदीचं काय होतं ते आपण महाराष्ट्रात २०२२ ला पाहिलं, २०२३ ला परत पाहिलं. तो पक्षांचा आणि विधानसभा अध्यक्षांचा मामला झालाय, मत देणाऱ्याला त्यात विचारतंय कोण. १०१वी रोज किराण्याच्या बिलावर दिसते, पण ती मुळात केंद्र आणि राज्यांच्या हिशोबाची गोष्ट आहे. ६१वीनं मतदानाचं वय २१ चं १८ केलं, चांगलंच केलं, त्यावर वाद नाही.

माझ्यासाठी पहिली ४४वी. १९७८ ची.

हे जरा सविस्तर सांगते कारण पोरं ही एका ओळीत संपवतात, "मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कातून काढला", झालं. आम्ही कराडजवळचे. डिसेंबर १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कराडला साहित्य संमेलन झालं, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष आणि दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. दुर्गाबाईंनी त्या मांडवात तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढच्या वर्षी त्यांनाच अटक झाली. ज्या गावात हे घडलं त्या गावच्या पोरांना विचारा, दहातल्या एकाला माहीत असलं तरी खूप.

त्या काळात मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, उचललेल्या माणसाच्या बायकोनं कोर्टात जाऊन नुसतं विचारायचं म्हटलं की माझ्या नवऱ्याला कशासाठी धरलंय, तर ते विचारायचं दार उघडं आहे का, हाच मुळी प्रश्न होता. नऊ हायकोर्टांनी सांगितलं, उघडं आहे, अटक कायद्याप्रमाणे झाली का ते आम्ही तपासणार. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तोच तो एडीएम जबलपूर खटला. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, पोलिसानं वैरापोटी एखाद्याचा जीवच घेतला तर? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर कोर्टात इलाज नाही. भर कोर्टात, उभं राहून दिलेलं उत्तर आहे हे. आणि २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूनं लागला. विरोधातले एकटे खन्ना. चारांमध्ये आपले यशवंत चंद्रचूडही होते, आणि तो निकाल चुकला होता हे सुप्रीम कोर्टानं लिहून द्यायला २०१७ साल उजाडलं, ते लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. खन्नांचं सरन्यायाधीशपद डावललं गेलं, त्यांनी राजीनामा दिला.

४४वीनं नेमकं ते दार कायमचं उघडं ठेवलं. आता कितीही मोठी आणीबाणी येऊ दे, कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाही. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कुणाच्या सहीनं बंद होत नाही. "अंतर्गत अशांतता" हे गुळगुळीत कारण काढून तिथे "सशस्त्र उठाव" घातलं. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही असं घातलं, कारण २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली होती आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं होतं. प्रत्येक शब्दामागे काहीतरी घडलेलं आहे, लागलेली ठेच आहे.

आणि मला यात सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? ही दुरुस्ती करणाऱ्या जनता पक्षाच्या सरकारातले कितीतरी जण एकोणीस-एकोणीस महिने जेलमध्ये बसून आले होते आणि आता सत्ता त्यांच्या हातात होती. तीच हत्यारं त्यांना वापरता आली असती, त्यांनी ती बोथट केली. सरकारनं स्वतःचाच हात बांधून घ्यायचा, हे आपल्या इतिहासात किती वेळा झालंय ते मोजून बघा.

दोन गोष्टी मात्र मला टोचतात. एक, मालमत्तेचा हक्क. तो मूलभूत हक्कातून काढून ३००अ मध्ये साधा कायदेशीर हक्क करून ठेवला. मोठ्या जमीनदारांकडून जमीन काढून घेताना तो आडवा येत होता हे मान्य, पण आज ज्याचं दीड एकर रस्त्यात जातंय तो काही जमीनदार नाहीये. दुसरी गोष्ट अजून वाईट. खटला न चालवता डांबून ठेवायची, म्हणजे प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची मुदत, सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांची दोन महिने करायची आणि ते मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं नेमायचं, हाही त्याच ४४वीचा भाग होता. संसदेत पास झालेला. पण तेवढ्या तुकड्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. जनतावाले होते तेव्हा नाही, काँग्रेस आली तेव्हा नाही, भाजप आली तेव्हाही नाही. पास झालेली घटनादुरुस्ती इतकी वर्षं नुसती पडून आहे आणि आपल्यातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही, याचा मला खरंच राग येतो.

दुसरी ७३वी, पंचायत राजची, आणि तिच्या जोडीला शहरांसाठीची ७४वी. हिच्याबद्दल मी पुस्तकातून बोलूच शकत नाही, कारण ही आमच्या स्वयंपाकघरात आली होती.

१९९७ ला आमचा वॉर्ड महिला राखीव झाला आणि आई ग्रामपंचायत सदस्य झाली. सातवी शिकलेली. सुरुवातीचे सहा-सात महिने ती ऑफिसात गेलीच नाही, कुणी बोलवायचंच नाही. मीटिंग झाली की संध्याकाळी शिपाई प्रोसिडिंगची वही घेऊन घरी यायचा, "वहिनी, सही करा तेवढी". आई भाकरी थापत असायची, परातीतनं हात काढायची, पदराला पुसायची आणि तो बोट ठेवील तिथं सही करायची. पुसला तरी पीठ राहायचंच, पानाच्या कडेला बोट उमटायचं. मी आठवीत होते. एकदा तो शिपाई पाणी प्यायला म्हणून ओट्यावर बसला तेवढ्यात मी ते पान मोठ्यानं वाचलं. वरच्या आळीला नळाचा स्टँडपोस्ट बसवण्याचा ठराव, आणि खाली सूचक म्हणून आईचं नाव. आमची खालची आळी, जिथं बायका हापशावर रांग लावून उभ्या असायच्या. आई एवढंच म्हणाली, "मी कधी सुचवलं गं?" आणि वही मिटून परत दिली, सही न करता.

पुढच्या मीटिंगला ती गेली. भाऊसाहेब म्हणाले, वहिनी कशाला त्रास घेतला, वही पाठवली असती की. अजेंड्यावर विषय क्रमांक एक सगळीकडे सारखाच असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कुणी वाचत नाही, डायरेक्ट कायम होतं. आई म्हणाली, वाचा. एवढा एकच शब्द. वाचावं लागलं. आणि पुढची साडेचार वर्षं ती दर मीटिंगला तेवढंच म्हणायची, आधी मागचं वाचा. खालच्या आळीला नळ यायला दीड वर्ष लागलं, पण आला.

आता कुणी म्हणेल ही तुझ्या आईची हिंमत. हिंमत तिच्यात आधीही होती हो, पण १९९७ च्या आधी तिला त्या दारातून आत जायला कारणच नव्हतं. घटनेनं एक तृतीयांश जागा बायकांना ठेवल्या म्हणून तिचं नाव त्या वहीत आलं, खोटं का होईना पण आलं, आणि नाव होतं म्हणून ती विचारू शकली. पुढे २०११ ला महाराष्ट्रानं हे आरक्षण ५० टक्के केलं. लोकसभा-विधानसभांत बायकांना जागा ठेवणारी १०६वी पास व्हायला २०२३ उजाडलं आणि तीही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून.

आणि या ७३-७४ चं आपण काय केलं? घटनेत स्पष्ट लिहिलंय, मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही, आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आमच्या जिल्हा परिषदेतही तेच. ओबीसी आरक्षणाचा तिढा होता, वॉर्डरचनेची भांडणं होती, सगळं खरं, ओबीसींच्या जागा जाऊ नयेत हेही मला पटतं. पण विधानसभेची निवडणूक चार वर्षं पुढे ढकलली असती तर आपण गप्प बसलो असतो का? गटार तुंबल्यावर ज्याच्या घरी जायचं तो नगरसेवकच नाही, आणि आपण चार वर्षं तसेच राहिलो. शिवाय ११व्या परिशिष्टात २९ विषय दिलेत, पाणी, रस्ते, शाळा सगळं, पण ते पंचायतीला द्यायचे की नाही हे राज्यावर सोडलंय. राज्य देऊ शकेल, असं आहे ते, दिलंच पाहिजे असं नाही. तिथंच घोडं अडतं.

तिसरी म्हणाल तर पहिली घटनादुरुस्तीच. १९५१ ची. मद्रासमधल्या कॉलेज प्रवेशाच्या जातवार जागावाटपाचा सरकारी आदेश चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द झाला, आणि काही महिन्यांत मागासवर्गीयांसाठी खास तरतुदी करायची मुभा देणारं १५(४) आलं. माझ्या वर्गात बसलेल्या किती पोरांच्या आईवडलांचं शिक्षण त्या एका उपकलमावर उभं आहे. पण त्याच दुरुस्तीनं बोलण्याच्या स्वातंत्र्यावरची बंधनंही वाढवली, म्हणून मी ती डोळे झाकून चांगली म्हणत नाही. ८६वीनं ६ ते १४ च्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, तिला मी चौथी धरते, सहाच्या आतली मुलं तिनं हक्काबाहेर ठेवली ही तिची उणीव.

तर दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गात सांगितलं. तास संपल्यावर ती मुलगी थांबली. म्हणाली मॅडम, मी रात्री मोबाईलवर बघत बसले होते, माझी वेगळी निघाली. ४२वी. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, ३९अ. मोफत कायदेशीर मदत. वडलांनी घरातून काढलं तेव्हा आईकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीच्या खोलीत गेलो, तिथल्या बाईंनी तिथंच अर्ज लिहून घेतला, बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही म्हणाल्या. वकील मिळाला. पोटगी चालू झाली तेव्हा मी अकरावीला होते, त्याच्यावर कॉलेज झालं.

ज्या दुरुस्तीबद्दल मी इतकी वर्षं तोंडभर वाईट बोलत आले, तिच्यातली ही एक ओळ. मी नोट्स काढून पाहिल्या. ३९अ पुढे मी पोरांना लिहून दिलंय, "मार्गदर्शक तत्त्वांत भर". बास, तीन शब्द. येत्या सोमवारच्या बॅचला ३९अ वर पूर्ण तास घेणार आहे, आणि तालुका विधी सेवा समितीची ती खोली कोर्टात कुठल्या बाजूला आहे, अर्जाला काय काय लागतं, ते आधी स्वतः जाऊन बघून येणार आहे.