बंपर म्हणे नानांनी चमकवला

माझ्या जुन्या पद्मिनीचा बंपर नानांनी चमकवला, अशी बातमी सध्या कॉलनीत फिरतेय. नानांनी बंपरला बोटही लावलेलं नाही. मी लावू दिलं नाही. नारळाची शेंडी आणि वाटीभर राख घेऊन आले होते. वाटी मी हातातून काढून घेतली.

"काय करून ऱ्हायला रे भो?"

"बंपर पॉलिश करतोय, नाना."

"इतकं हळू? मांजरीले गोंजारून ऱ्हायला का?"

गोंजारायचंच असतं. शोभेच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनचाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही नसतो. त्याखाली निकेल, मग पोलाद. राखेतल्या खरखरीत कणांनी क्रोम उडालं की निकेलचा पिवळसर रंग डोकावतो. "मंग सोनं निघालं म्हण ना," इति नाना. पुन्हा प्लेटिंग केल्याशिवाय ते सोनं झाकत नाही आणि त्याचं बिल नाना थोडेच भरणार!

काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे आलेच. म्हणून आधी शाम्पूच्या पाण्याने धुवायचं, शेजारच्या रंगावर आणि रबरावर मास्किंग टेप लावायची, मग गंजाच्या ठिपक्यांवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा ओला बोळा हलक्या हाताने फिरवायचा. पोळ्या गुंडाळायचा कागद गंज काढतो, हे नानांना अजून पटलेलं नाही. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ, म्हणून गंज जातो आणि क्रोम राहतं. हल्लीच्या गाड्यांची चकचकीत जाळी मात्र बहुधा प्लॅस्टिकची असते. तिथे फॉइल नको, धातूचं पॉलिशही नको.

मग मेहुण्याने उजळायला दिलेलं अ‍ॅल्युमिनियमचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनवरचं झाकण काढलं. 400, 600, 1000 नंबरचे वॉटर पेपर (घासायचे खरखरीत कागद) ओले करून आधीच फिरवले होते. पॉलिश तेवढं राहिलं होतं. नानांनी खुर्ची मागवली. माझ्याच घरातून.

"काळं निघून ऱ्हायलं."

"निघणारच."

"मंग घास."

घासलं, पुसलं.

"अजून काळं! तुमच्याकडे फडकी धुत नाही का कोणी?"

"तो मळ नाही नाना. अ‍ॅल्युमिनियमच बारीक होऊन निघतंय."

"धातू पांढरा, तं काळं कसं निघीन? मले शिकवतो?"

फडकं पांढरं राहीपर्यंत घासायचं म्हटलं तर कव्हर संपेल, फडकं काळंच राहील. पुसल्यावर त्यात आपलं तोंड दिसलं की थांबायचं. हे सांगत होतो तोवर दूधवाला आणि समोरचे गुरुजी येऊन उभे राहिले, आणि तिघांचं एकमत झालं की मला घासता येत नाही. चहा मात्र तिघांनी घेतला.

"नातवाचं ग्राइंडर आणू का? दोन मिनिटांचं काम!"

चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे मारतो. त्याने पॉलिश होत नाही, कव्हर जळतं. कापडी बफ, म्हणजे पॉलिशची गोल चकती लावायचीच तर कमी वेगाच्या ड्रिलला, आणि बफ कडेवरून बाहेर जाईल असा धरायचा. कडेत घुसला की वस्तू भिरकावतो. डोळ्यांवर गॉगल, नाकाला मास्क, अंगावर काही लोंबतं नको. इथे नानांच्या खांद्यावरचा रुमाल माझ्या ड्रिलवर लोंबत होता.

एवढ्यात ऊन आलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 गाठतो. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळून पांढरे चट्टे पडतात, म्हणून हे काम सकाळी, सावलीतच. बोअरच्या जड पाण्याचे डाग निराळेच. त्यांना निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी क्षणभर लावायचं, धुवायचं. शेवटचा हात बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरचा. ते विकत आणायचं, कारण नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक.

आता नाना नातवाची अलॉय व्हील्स चिंचेने घासणार आहेत. चाकांवर पारदर्शक लॅकर असतो, तो गेला की उघडं अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं, हे मी कळवळून सांगितलं.

"मंग काय लावू?"

"गाडीचा शाम्पू आणि पाणी."

"बस? हे सांगाले इतकं शिकला?"