बास्करव्हिलची भावकी

"ह्यो तर तेंच्यातलोच! नाक बघ तेचां."

आई हे बोलली तेव्हा पडद्यावर होम्सने अजून हातही वर केला नव्हता. तो नुसता भिंतीवरच्या जुन्या तसबिरीपुढे उभा होता. चित्रपट १९८१चा, रशियन. रशियन तर दोघींनाही येत नाही. खालची इंग्रजी वाक्यं मी वाचून मालवणीत सांगत होते, तीही अर्धीमुर्धी, कारण बाहेर पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की मलाच माझं ऐकू येत नव्हतं. पण त्या जागी सांगायची गरजच पडली नाही. होम्स तसबिरीतली टोपी आणि केसांची झुलपं हातांनी झाकतो आणि उरलेल्या चेहऱ्यातून शेजारी राहणारा, फुलपाखरं पकडणारा सज्जन स्टेपल्टन बाहेर येतो. आईने ते चारपाच सेकंद आधीच ओळखलं होतं.

(ज्यांना 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' अजून वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं उघड लिहिणार आहे.)

या पावसाळ्यात मी शेरलॉक होम्सच्या या एकाच कादंबरीवरचे जितके चित्रपट मिळाले तितके पाहिले. लाईट असेल तेव्हा टीव्हीवर, नसेल तेव्हा लॅपटॉपवर, बॅटरी संपेपर्यंत. बहुतेक वेळा आई सोबत. आणि आता माझं ठाम मत झालंय की ही कादंबरी पडद्यावर आणणाऱ्या बहुतेकांनी कुत्र्याची गोष्ट सांगितली आणि घराची सोडून दिली.

तीन भाऊ. थोरल्या चार्ल्सकडे घर आणि जवळजवळ दहा लाख पौंडांची इस्टेट, त्याला मूलबाळ नाही. मधल्याचा मुलगा हेन्री, दूर कॅनडात. धाकटा रॉजर बदनाम होऊन परदेशी पळाला, तिकडेच मेला, आणि सगळ्यांना वाटतं तो निर्वंश गेला. पण त्याचा मुलगा, म्हणजे हाच स्टेपल्टन, नाव बदलून घराशेजारीच येऊन राहिलाय. बायकोला बहीण म्हणून मिरवतोय, आणि घराण्याच्या जुन्या शापाचा कुत्रा चुलत्याच्या अंगावर सोडतोय. आता सांगा, सिंधुदुर्गात जन्मलेल्या माणसाला यात काय समजावून सांगायचं? सातबाऱ्यावर किती नावं आहेत आणि त्यातली किती जिवंत आहेत, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. वाटेत भेटलेला म्हातारा नाव विचारत नाही. "खंयचो तू? कोणाचो झील?" असं विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघून अंदाजही बांधून मोकळा होतो. आईने तसबिरीकडे पाहिलं ते याच डोळ्यांनी.

म्हणून तो रशियन चित्रपट मला सगळ्यांत जवळचा वाटला. वासिली लिवानोवचा होम्स (याच भूमिकेसाठी २००६ साली ब्रिटिशांनी त्याला एमबीई हा मानाचा किताब दिला) आणि विताली सोलोमिनचा वॉटसन. पण मला भावलं ते त्यातलं घर. दोन भागांचा असल्याने घाई नाही. जेवणाचं टेबल, नोकर बॅरिमोरने पुढे ठेवलेली ओटची खीर, आणि कॅनडाहून फरचा कोट घालून आलेला मोठ्या आवाजाचा हेन्री. निकिता मिखाल्कोवने तो असा केलाय की मे महिन्यात मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी आठवावा, जो पहिल्याच दिवशी घरात काय काय बदलायचं ते बोलायला लागतो.

आणि तेच बरोबर आहे. कादंबरीत हेन्री त्या काळोख्या वाटेवरून वाड्यापाशी येतो तेव्हा म्हणतो की सहा महिन्यांत इथे विजेच्या दिव्यांची रांग लावीन, दारात हजार मेणबत्त्यांच्या ताकदीचा दिवा ठेवीन. मला ते वाक्य कुत्र्यापेक्षा मोठं वाटतं. बंद घर उघडायला आलेल्या माणसाच्या मनात पहिली गोष्ट हीच येते.

याच्या आधीचाही एक धागा आहे, ज्यावरून चित्रपटवाले धावत जातात. चार्ल्सचा डॉक्टर मॉर्टिमर याने चार्ल्सच्या प्रेताजवळ कुत्र्याच्या पावलांचे ठसे पाहिलेले असतात. चौकशीत तो त्याबद्दल बोलत नाही. एक तर शिकलेल्या माणसाने अंधश्रद्धेला दुजोरा दिला असं होऊ नये म्हणून. आणि दुसरं, हे बाहेर गेलं तर त्या घरात राहायला कोणी येणार नाही म्हणून. चार्ल्सच्या पैशावर त्या गरीब मुलखाचं बरंच काही चाललेलं असतं. वारस आला नाही तर सगळंच संपतं. "बोलू नको, घर पडात" हे शब्द मी आमच्या घरात स्वतः ऐकलेत.

आमच्या बागेच्या खालच्या अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. आजी सांगायची, "दिवेलागणीनंतर व्हाळाकडे जाव नको, राखणदार फिरता." मी सातवी-आठवीत असताना तिकडे रात्री उजेड दिसायला लागला. हलणारा, मध्येच विझणारा. घरात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं गाऱ्हाणं घालायला हवं, कोणी म्हणालं खालचा तुकडा विकूनच टाका, लाभत नाही. बाबा चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे मला घेऊन खाली गेले. व्हाळाच्या काठच्या ओल्या चिखलात पावलं होती. त्यांनी मला हात लावून बघायला सांगितलं. येतानाची पावलं उथळ. जातानाची टाच बोटभर खोल. "देवचाराक इतके नारळ कित्याक व्हये?" एवढंच म्हणाले. ते पाऊल कोणाचं हे त्यांना कळलं होतं, भावकीतलंच होतं. पण त्यांनी गावात तोंड उघडलं नाही. मॉर्टिमरसारखेच गप्प राहिले. फक्त वायरमनला बोलावून खालच्या फणसाजवळ खांब घातला आणि शंभरचा बल्ब लावला. उजेड दिसायचा थांबला.

यात आजीचा राखणदार खोटा ठरला असं मला कधीच वाटलं नाही. आरवलीच्या ग्रामदैवत वेतोबाला लोक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात आणि रात्री तो फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तिथे मीही हात जोडते. मला चीड येते ती ही श्रद्धा पांघरून चुलत्याच्या वाट्यावर हात टाकणाऱ्याची. होम्सलाही तीच येते असं मला वाचताना वाटत आलंय.

आता बाकीचे चित्रपट, थोडक्यात.

१९३९चा बेसिल रॅथबोनचा. दिसायला देखणा, धुकंही छान. पण स्टेपल्टनची बायको इथे खरंच सावत्र बहीण करून टाकलीय, हेन्रीचं प्रेम जमावं म्हणून. त्यामुळे त्या बाईचं दुःखच गेलं. कादंबरीत ती सगळ्यांत जास्त भरडलेली आहे, नवऱ्याच्या लबाडीत रोज सामील व्हावं लागणारी. नायजेल ब्रूसचा वॉटसन इथे बराच सावरलेला आहे. पुढे या जोडीचे एकूण चौदा चित्रपट झाले आणि वॉटसनचा विदूषक होत गेला, ते मला बघवत नाही. या गोष्टीत तर होम्स अर्धा वेळ नसतोच. मुलूख पाहायचा, माणसं चाचपायची, रात्री खिडकीत मेणबत्ती कोण धरतंय ते शोधायचं, सगळं वॉटसन करतो.

म्हणून १९५९च्या रंगीत चित्रपटात आंद्रे मोरेलने केलेला वॉटसन पाहून बरं वाटलं. शांत, भरवशाचा. त्यात तसबीर आहे ती चोरीला गेलेली, आणि घराण्याची खूण म्हणजे जोडलेली बोटं. कल्पना चांगली, पण आईला पटली नाही. बोटं कोण बघतं, तोंड बघायचं, असं तिचं म्हणणं.

२०१२चा बीबीसीचा भाग तरुण मुलांना फार आवडतो. तिथे सरकारी प्रयोगशाळा आहे आणि भास घडवणारा वायू. भीती माणसानेच तयार केलेली असते हे त्यांनी नेमकं पकडलं. पण घर नाही, वारसा नाही, भाऊ नाही. शेवटी कोणीतरी मरतो आणि मला काहीच वाटत नाही.

आपल्याकडचा 'बीस साल बाद', १९६२चा, याच कादंबरीवरून बेतलेला. हेमंतकुमारांचं संगीत, लताबाईंचं 'कहीं दीप जले कहीं दिल'. कुत्रा काढून टाकला आणि जमीनदाराने नासवलेल्या मुलीचा आत्मा आणला. मूळ शापाच्या दंतकथेतही ह्यूगो नावाच्या पूर्वजाने पळवून आणलेली मुलगीच असते, हे किती जण विसरतात! बीरेन नाग विसरले नाहीत. आणि कुत्रा नसल्याने भीती टिकली. बाकी सगळीकडे कुत्रा पडद्यावर आला की भीती संपते. कादंबरीत पहिला शहारा येतो तो नुसत्या ठशांनी.

मला मनापासून वाटतं की हा चित्रपट मराठीत व्हावा आणि इथे व्हावा. कादंबरी जिथे घडते तो डार्टमूरचा उघडा माळ म्हणजे आमचा सडाच. पावसाळ्यात वर जाऊन बघा. झाड नाही, काळा कातळ, दहा हातांवरचं दिसत नाही असं धुकं, आणि संध्याकाळी कोल्हेकुई. होम्स तिकडे आदिमानवाच्या दगडी झोपडीत लपून राहतो. आमच्या सड्यावर तशा माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत, कुडोप्याला आहेत, बारसूला आहेत. कादंबरीतली ग्रिंपनची दलदल हवी तर खाडीचं खाजण आहे. हेन्री मुंबईहून यावा. कुत्रा अगदी शेवटपर्यंत दिसू नये. चोरीला गेलेला बूट मात्र राहू द्या. आधी नवा बूट जातो आणि परत येतो, मग जुना जातो, कारण कुत्र्याला वास हवा आणि न घातलेल्या बुटाला माणसाचा वास नसतो. आमच्याकडे तिथे दारातलं पायताण जाईल.

परवा रात्री १९८८चा जेरेमी ब्रेटचा पाहून संपवला आणि झोपायला उठलो. आईने विचारलं, पुढे त्या पोराचं काय झालं? मी सांगितलं की पुस्तकात हेन्रीच्या मनावर इतका आघात होतो की डॉक्टर मॉर्टिमर त्याला घेऊन जगाच्या प्रवासाला निघतो.

ती थोडा वेळ अंथरुणावर बसून राहिली. मग म्हणाली, "मगे घराक कुलूपच?"




मी पुस्तक काढून शेवटचं प्रकरण परत वाचलं. दिव्यांच्या रांगेचं पुढे काय झालं ते त्यात कुठेच नाही.