खुलासा: प्रॉन्गहॉर्न चित्त्याहून वेगवान नाही

‘अमेरिकेतलं हे हरीण चित्त्यालाही हरवतं, आता मोजकीच उरलीत’ असा मजकूर फोटोसह फिरतोय. फोटो प्रॉन्गहॉर्नचाच आहे. मजकुरात गफलत आहे.

छोट्या धावेत चित्ताच पुढे. प्रॉन्गहॉर्नचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. पण चित्ता काहीशे मीटरांत दमतो, हा मैलोनमैल दौडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीने संख्या काही हजारांवर आली होती, हे खरं. आज ती लाखांत आहे, सर्वाधिक अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात. संकटात आहे ती अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातली उपजात.

आणि हरीण? तेही नाही. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर टिकतात. प्रॉन्गहॉर्नच्या शिंगांवरचं फक्त आवरण गळतं. अँटिलोकॅप्रिडी कुळात आता हा एकटाच. जवळचा नातलग म्हणाल तर चक्क जिराफ!