जुन्या इंजिनाला मोठा ऑइल पंप हवाच? नाही

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडलं की एक सल्ला हमखास मिळतो: "उघडलंच आहे, तर हाय-व्हॉल्यूम (दर फेऱ्याला जास्त तेल देणारा) पंप टाका. तेलाचं प्रेशर जितकं जास्त, तितकं इंजिन सुरक्षित." या सल्ल्यावर विसंबून चांगल्या क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची, वाट लागू शकते, म्हणून तो खोडून काढायलाच हवा.

मुळात पंप प्रेशर बनवत नाही. तो दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. बेअरिंगच्या फटींतून जाताना त्या तेलाला जो अडथळा होतो, तो गेजवर दिसतो. वरची मर्यादा रिलीफ व्हॉल्व्हची, म्हणजे दाब जास्त झाला की तेल परत सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंग ठरवते. धडधाकट इंजिनात गाडी वेगात असताना मूळ पंपाचंही काही तेल याच व्हॉल्व्हमधून परत फिरत असतं. तिथे मोठा पंप लावून बेअरिंगला जादा काही मिळत नाही, परत फिरणारं तेल तेवढं वाढतं. शिवाय क्रँकला उचलून धरते ती जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) फिरण्याने तयार होणारी तेलाची पाचर. तिच्यातला दाब गेजवरच्या आकड्याच्या कित्येक पट असतो. पंपाचं काम त्या पाचरीला तेल पुरवत राहणं.

"पण गरम इंजिनात आयडलिंगला प्रेशर वाढतं ना?" वाढतं. आणि खरा धोका तिथेच आहे. ढोबळ नियम असा की जर्नलच्या दर इंच व्यासाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढी फट असावी. दोन इंचाच्या जर्नलला दोन थाऊ. झिजून ती चार थाऊ झाली, तर त्याच दाबाला गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाव हिस्सा जास्त तेल देणारा पंप ही गळती भरून काढत नाही, गेजचा काटा थोडा वर ठेवून ती लपवतो. म्हणून आधी मायक्रोमीटर आणि प्लास्टिगेज (बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा), पंपाचा विचार नंतर.

मोठ्या पंपाने इंजिनाची ताकद खाल्ली जाते, हा उलट बाजूचा दावाही फुगवलेला आहे. मिनिटाला 40 लिटर तेल 4 बारला ढकलायला जेमतेम 270 वॅट लागतात. पंपातलं घर्षण धरलं तरी आकडा फार मोठा होत नाही. काळजी करायची ती पंप फिरवणाऱ्या गिअरची: थंड, घट्ट तेलात त्याच्या दातांवर खरा भार येतो.

रेसिंगसाठी फटी मुद्दाम वाढवल्या असतील किंवा पिस्टनखाली तेलाचे जेट बसवले असतील, तर मोठा पंप जरूर घ्या. मात्र त्याची बॉडी लांब असेल, तर स्ट्रेनर (तेल ओढणारी जाळी) संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाला किती जवळ येतो ते मोजा.

"नवा पंप आहे, तपासायचं काय?" हे तर अजिबात ऐकू नका. झाकण काढा, सरळपट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) लावून रोटरची, म्हणजे पंपात फिरणाऱ्या भागाची, फट मोजा, आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. कोरडा पंप तेल ओढेलच असंही नाही. रोव्हर व्ही8 हे इंजिन यासाठीच ओळखलं जातं. त्याच्या पंपाचे गिअर बसवताना पेट्रोलियम जेलीने भरतात. मग स्पार्क प्लग काढून, गेजचा काटा हलेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवायचं.