वेब दुर्बिणीने महास्फोटाचा सिद्धांत मोडीत काढलेला नाही

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला विश्वाच्या आरंभकाळात इतक्या मोठ्या आणि तेजस्वी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आढळल्या की महास्फोट (विश्व उष्ण, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आले, हा सिद्धांत) झालाच नव्हता हे आता सिद्ध झाले आहे आणि शास्त्रज्ञ ही गोष्ट लपवत आहेत, असा दावा जुलै २०२२ मध्ये या दुर्बिणीची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यापासून समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्यामागची काही निरीक्षणे खरी आहेत. म्हणूनच त्यावरून काढलेले निष्कर्ष एकेक करून तपासणे आवश्यक वाटते.

शास्त्रज्ञ हादरले आहेत, हा पहिला मुद्दा. ऑगस्ट २०२२ मध्ये महास्फोट नाकारणारे एरिक लर्नर यांच्या लेखातून तो सर्वदूर पोहोचला. त्या लेखात कॅन्सस विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ ॲलिसन कर्कपॅट्रिक यांचे एक विधान पुरावा म्हणून वापरले होते. ते विधान दीर्घिकांच्या उत्क्रांतीविषयी होते, महास्फोटाविषयी नव्हते, आणि कर्कपॅट्रिक यांनी या वापरावर जाहीर आक्षेप घेतला. दाव्याचा प्रसार करणारे हा आक्षेप सहसा सांगत नाहीत.

दुसरा मुद्दा वजनदार आहे: एवढ्या मोठ्या दीर्घिका इतक्या लवकर तयार होणे शक्यच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये सहा संभाव्य दीर्घिकांची नोंद प्रसिद्ध झाली. महास्फोटानंतर ५० ते ७० कोटी वर्षांच्या काळातील या दीर्घिकांपैकी एकीमधील ताऱ्यांचे वस्तुमान दहा हजार कोटी सूर्यांच्या आसपास असावे, असा तो अंदाज होता. हे आकडे जसेच्या तसे खरे ठरले असते, तर दीर्घिकानिर्मितीच्या प्रचलित प्रारूपावर खरोखरच ताण आला असता. परंतु दुर्बीण वस्तुमान मोजत नाही. ती प्रकाश मोजते, आणि तो सगळा प्रकाश ताऱ्यांचाच आहे असे गृहीत धरून वस्तुमान काढले जाते. पुढे वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार विभागणी, घेतल्यावर त्या सहांपैकी एका वस्तूत वायू गिळणारे कृष्णविवर असल्याचे दिसले, आणि अशा लहान तांबड्या वस्तू वगळल्यावर ताण बराच कमी होतो असे २०२४ मधील विश्लेषणातून पुढे आले. अंतराच्या अंदाजांचीही तीच गत होऊ शकते. एका दीर्घिकेची ताम्रसृती (प्रकाश ताणला जाऊन तांबड्याकडे किती सरकला याचे माप; ते जितके जास्त, तितका काळ आधीचा) आधी १६च्या वर धरली होती. वर्णपटाने ती ४.९ ठरवली. म्हणजे महास्फोटानंतर सुमारे २५ कोटी वर्षांची समजली गेलेली ही दीर्घिका प्रत्यक्षात सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची निघाली.

तरीही सर्व आश्चर्य यातून निकाली निघत नाही. महास्फोटानंतर अवघ्या २९ कोटी वर्षांची जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका वर्णपटाने निश्चित झालेली आहे आणि ती अपेक्षेपेक्षा तेजस्वी आहे. तारे झपाट्याने, उसळ्या घेत जन्मत होते की धूळ कमी होती, यावर संशोधकांत खरा वाद आहे. मात्र हा वाद उष्ण, दाट विश्वातील वायूचे तारे किती वेगाने झाले याविषयी आहे. शिवाय या दीर्घिका ‘आरंभीच्या’ आहेत हे आपण ज्या गणिताने ठरवतो, ते प्रसरणशील विश्वाचेच गणित आहे. तेच नाकारायचे, तर ‘इतक्या लवकर’ या तक्रारीला आधार उरत नाही.

परिपक्व सर्पिल दीर्घिकांचा दाखलाही दिला जातो. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी वेबच्या निरीक्षणांत शोधलेली ‘अलकनंदा’ ही अशीच दोन सुबक भुजांची दीर्घिका. परंतु ती महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांनी दिसते. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी घालायला साधारण २३ कोटी वर्षे लागतात. अलकनंदेची तबकडी तर आकाशगंगेहून लहान आहे. कालावधी तोकडा आहे, पण अशक्य नाही.

विश्वाचे वय १३८० कोटी नसून २६७० कोटी वर्षे आहे, हा दावा ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता यांच्या २०२३ मधील निबंधावर आधारलेला आहे. त्यात प्रसरणाला ‘थकलेल्या प्रकाशा’ची जोड दिली आहे, म्हणजे प्रवासात प्रकाशाची ऊर्जा आपोआप घटते. प्रसरणाने काळही ताणलेला दिसतो, थकव्याने नाही; म्हणून ताम्रसृतीत या थकव्याचा जेवढा वाटा असेल, तेवढ्या प्रमाणात दूरच्या अतिनवताऱ्यांचा (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचा) उजळण्या-मावळण्याचा काळ कमी ताणलेला दिसायला हवा. सुमारे १५०० अतिनवताऱ्यांच्या २०२४ मधील अभ्यासात हा ताण पूर्ण प्रसरणाच्या भाकिताशी जुळला. आणखी साधा प्रश्न असा की विश्व इतके जुने असेल, तर २००० कोटी वर्षांचे तारे कोठे आहेत? आपल्या आकाशगंगेतील सर्वांत जुन्या गोलाकार तारकागुच्छांचे वय १२०० ते १३०० कोटी वर्षांच्या आसपास भरते.

मराठी वाचकाला येथे जयंत नारळीकर आठवणे स्वाभाविक आहे. त्यांनी महास्फोटाला आयुष्यभर विरोध केला आणि १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॉइल व बर्बिज यांच्यासह अर्धस्थिर विश्वाचे प्रारूप मांडले. तो विरोध गणित आणि तपासता येणारी भाकिते यांवर उभा होता, म्हणून तो आदरास पात्र आहे. मात्र विश्व सर्व काळी सारखेच दिसते, या मूळ स्थिरस्थिती कल्पनेला वेबने बळ दिलेले नाही. दुर्बीण जितक्या मागे पाहते, तितक्या दीर्घिका सरासरीने लहान आणि जड मूलद्रव्यांत गरीब दिसतात.

महास्फोटाला खरे आव्हान वेगळ्या ठिकाणाहून येऊ शकते. आदिम वायूत हेलियमचे प्रमाण वस्तुमानाच्या सुमारे २४ टक्क्यांहून स्पष्टपणे कमी आढळले, किंवा महास्फोटाचे अवशेष मानले जाणारे, सर्व दिशांनी येणारे आणि आज २.७ केल्विन असलेले पार्श्वभूमी प्रारण भूतकाळात अधिक उष्ण नव्हते असे दिसले, तर सिद्धांताचा पायाच हलेल. ताम्रसृती ६.३४ असलेल्या एका दीर्घिकेपाशी हे तापमान १६ ते ३० केल्विनच्या दरम्यान भरले. सिद्धांताचे भाकीत २० केल्विनचे होते.